कागद सरांकडे आहेत

१६ जून २०२५, सोमवार

चौदा महिन्यांनी आज पुन्हा डबा घेऊन घराबाहेर पडलो. शाळा बंद झाल्यापासून डबा माळ्यावर पडून होता. सुमतीने दोनदा घासला तरी झाकणाचा वास काही गेला नाही.

नोकरी कॉलेजात आहे, पण शिकवण्याची नाही. हुद्दा 'ॲडमिशन काउन्सेलर'. म्हणजे मुलांना आणि पालकांना कोर्सची माहिती द्यायची आणि प्रवेश घ्यायला मदत करायची. कॉलेज हायवेलगतच्या नव्या काचेच्या इमारतीत आहे. नाव लिहीत नाही, कारण ऑफिसातली माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही हा आजच्या ट्रेनिंगमधला पहिलाच नियम होता, आणि सुमती ही वही चोरून वाचते असा माझा जुना संशय आहे.

आम्ही नवे सात जण. बाकीचे सहा माझ्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या दहावीच्या बॅचएवढे. ट्रेनिंग देणारा सत्यजीत तिशीतला, 'कम्प्लायन्स हेड'. या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, हे त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, नियमपालन. त्याने ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मुलगा नम्र आहे. मुलाखतीतही वाडीवरच्या मुलांच्या कागदांची गोष्ट त्याने अगदी मन लावून ऐकली होती.

ती गोष्ट इथेही लिहून ठेवतो. डोंगराखालच्या कातकरी वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घरं कुडाची. शाळेचे दाखले, मार्कशीट, जातीचे दाखले, सगळं भिजायचं नाहीतर उंदीर कुरतडायचे. म्हणून वाडीतल्या मुलांचे कागद मी शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवायला लागलो. चोवीस वर्षं ठेवले. वाडीत कुणीही सरकारी माणूस गेला आणि कागद मागितले, की सगळ्यांचं उत्तर एकच, "कागद सरांकडं हायेत." शाळा बंद झाली तेव्हा ते लोखंडी कपाट मी घरी आणलं. अजून अकरा मुलांचे कागद त्यात आहेत.

"सर, असा विश्वास कमवायला आयुष्य जातं," सत्यजीत तेव्हा म्हणाला होता. मला भरून आलं होतं.

१८ जून, बुधवार

ट्रेनिंग संपलं. तीन दिवस सकाळी साडेनऊ ते साडेपाच. पडद्यावर दोन रकाने, 'हे करा' आणि 'हे करू नका'. 'हमखास', 'गॅरंटी', 'शंभर टक्के नोकरी' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जो कोर्स नर्सिंगचा नाही त्याला नर्सिंग म्हणायचं नाही. मुलांचे मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत. प्रवेशानंतर वरच्या मजल्यावरून मुलाला पडताळणीचा फोन येतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं, त्या वेळी काउन्सेलरने जवळपास थांबायचं नाही.

मला हे सगळं फार आवडलं. आजवर ऐकत आलो की या धंद्यात नुसत्या थापा असतात. इथे तर थापांवर बंदी!

दुपारी सराव घेतला. सत्यजीत पालक झाला आणि मी काउन्सेलर. कोर्स समजावून झाल्यावर सवयीने माझ्या तोंडून गेलं, "समजलं का?" मागे बसलेली पोरं एका सुरात ओरडली, "हो सर!" आमच्या वर्गात प्रत्येक धड्याच्या शेवटी हेच चालायचं. सगळे हसले, मीही हसलो.

शेवटी वीस गुणांची परीक्षा. मला वीसपैकी वीस. प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळालं. सुमतीला दाखवलं तर म्हणाली, "आता टीव्हीवर ठेवा, शेजारच्यांना दिसेल." मग जरा वेळाने, भाजी निवडताना, "पण एवढ्या सह्या कशाला घेतात हो तुमच्याकडून?" रोज सकाळी एक, दुपारी एक, प्रत्येक नियमापुढे एक आणि पेपरवर एक, एवढ्या सह्या झाल्या होत्या. मी म्हटलं, शिस्त असते अशा ठिकाणी. तिला कधी ऑफिस माहीत नाही.

२३ जून, सोमवार

सत्यजीतने केबिनमध्ये बोलावलं. एक इंग्रजी फॉर्म होता, तो साध्या मराठीत करून हवा होता. गावाकडच्या पालकांना कळला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मूळ कागदपत्रं कॉलेजकडे ठेवण्याबद्दलचा फॉर्म होता.

मी म्हटलं, "पण आपण मूळ कागद ठेवून घेत नाही ना?"

"आपण घेत नाही, सर. पण ते स्वतःहून ठेवायला देत असतील, तर नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हणालात का कधी वाडीतल्या लोकांना नाही?"

हे मात्र खरं. भिजण्यापेक्षा कपाटात बरे. बसून फॉर्म केला. "मी माझी मूळ कागदपत्रे सुरक्षित राहावीत म्हणून स्वखुशीने कॉलेजकडे ठेवण्यास देत आहे. ती परत हवी असल्यास लेखी अर्ज केल्यावर कामाच्या पंधरा दिवसांत मिळतील, हे मला समजले आहे." पंधरा दिवस का, असं विचारलं तर म्हणाला, मंजुऱ्या लागतात. इंग्रजीत चार वळसे घालून लिहिलेलं मी दोन वाक्यांत आणलं. 'स्वखुशीने' हा शब्द तर चपखलच बसला आहे.

संध्याकाळपर्यंत दोनशे प्रती छापून आल्या. बऱ्याच दिवसांनी माझं लिखाण छापून आलं, असं म्हणायला हरकत नाही.

४ जुलै, शुक्रवार

वाडीवर गेलो होतो. ऑफिसात भिंतीवरच्या फळ्यावर आमची सातही नावं आहेत आणि प्रत्येकापुढे प्रवेशांचा आकडा. माझ्यापुढे शून्य होतं. तरणी पोरं फोनवर फोन करतात, मला ते जमत नाही. मला माणसाच्या दारात जायला जमतं.

अनंताच्या घरी बसलो. त्याची प्रमिला माझी दहावीची विद्यार्थिनी. यंदा बारावीला चौसष्ट टक्के. वाडीत बारावी झालेली ती तिसरी आणि मुलींमध्ये पहिली. तिला नर्स व्हायचं आहे. लहान भाऊ तापाने गेला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सने हिला रात्रभर जवळ घेऊन बसवलं होतं. तेव्हापासून तिचं तेच.

तिच्या बारावीच्या कॉलेजातल्या किशोरी मॅडमनी सरकारी नर्सिंग शाळेचा फॉर्म भरून दिला आहे. यादी कधी लागेल, नाव येईल की नाही, कुणाला ठाऊक नाही. मी आमच्या तीन वर्षांच्या रुग्णसेवेच्या कोर्सबद्दल सांगितलं.

प्रमिला म्हणाली, "सर, ह्यातून नर्स होता येतं का?"

मी म्हटलं, "बाळ, हॉस्पिटलातच काम असतं. पेशंटजवळच." नर्स हा शब्द मी उच्चारला नाही. नियम म्हणजे नियम.

तिने बापाकडे पाहिलं. अनंता म्हणाला, "आमाला काय कलतंय सर? तुमी सांगाल ते."

"हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये," मी म्हटलं. "सरकारी यादी लागली तर लागली. तोवर हे तर हातात असू दे. समजलं का?"

"हो सर," प्रमिला म्हणाली.

परत येताना कमळी भेटली, अनंताची मेव्हणी. तिच्या मुलाचा दाखला माझ्या घरच्या कपाटात आहे. "कागद बरं हायेत ना सर?" म्हणाली. मी म्हटलं, ठणठणीत.

७ जुलै, सोमवार

पहिला प्रवेश झाला! फळ्यावर माझ्यापुढे एकचा आकडा सत्यजीतने स्वतः लिहिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अनंता आणि प्रमिला सकाळी नऊलाच येऊन बसले होते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं अनंताच्या शर्टाच्या आत. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची मार्कशीट, जातीचा दाखला, जात-पडताळणीचा कागद, सगळं मूळ. मी म्हटलं, इथे ठेवलेत तर सुरक्षित राहतील. अनंताला वाटलं मी स्वतःकडेच ठेवतोय. "बरंच झालं," म्हणाला. माझा तो फॉर्म प्रमिलाने वाचायला घेतला, पण मागे रांग होती. मी म्हटलं, सही कर, मग सावकाश वाच. तिने सही केली, अनंताने अंगठा दिला. फॉर्म फायलीत गेला.

मग पडताळणीचा फोन. पोरगी फोन उचलायला धजेना. मी तिच्या शेजारी बसलो आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. नुसता धीर द्यायला बसलो होतो, त्यात नियम मोडण्यासारखं काही नव्हतं. वरून प्रांजल बोलत होती. ही आमच्यातलीच एक नवी मुलगी, तिला फोनवर बसवलं आहे. कोर्सची माहिती मिळाली का? "हो सर." कागदपत्रं स्वतःच्या मर्जीने ठेवलीत का? "हो सर." बोलणारी मुलगी आहे हे तिच्या ध्यानातच नाही! तुमच्यावर कुणी दबाव आणला का? त्यालाही घाईघाईत "हो सर." मी मान हलवून हळूच 'नाही म्हण' म्हटलं, तशी म्हणाली, "नाही सर, नाही." मला हसू आवरेना.

जाताना अनंता पाया पडायला लागला. मी उठवलं त्याला. सुमतीला सगळं सांगितलं तर ती हसली नाही. तिला वर्गातल्या गमती कधीच कळल्या नाहीत.

३१ जुलै, गुरुवार

माझा आकडा नऊ. प्रमिला एसटीने रोज येते. कोर्समध्ये अजून शिक्षक नेमलेले नाहीत, म्हणून मुलांना संगणकाच्या वर्गात बसवतात. मागे भेटली तेव्हा विचारत होती, इंजेक्शन द्यायला कधी शिकवणार. मी म्हटलं, धीर धर.

१२ ऑगस्ट, मंगळवार

प्रमिला जिना चढत धावतच आली. "सर, नाव लागलं!"

सरकारी नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव आहे. चौदा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. नाहीतर जागा पुढच्या नावाला. माझी छाती फुगली. माझी विद्यार्थिनी! टेबलाच्या कडेने जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "कागद द्या ना सर," आणि तेव्हा कुठे मला तो फॉर्म आठवला.

सत्यजीतकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "अर्ज देऊ दे तिला. कामाचे पंधरा दिवस."

"परवा शेवटची तारीख आहे."

"सर, फॉर्मवर पंधरा आहेत. तुम्हीच लिहिलंत." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "पंचवीसला तपासणी येतेय. त्या कोर्सला बावीस मुलं दाखवलीत. एक गेली की बाकीची पण निघतील. तुमची शाळा कशाने बंद पडली, सर? पट कमी झाला म्हणूनच ना?"

पटाचं दुःख मला सांगायला नको. पटावरचं एकेक नाव टिकवायला आम्ही काय काय केलं आहे. पण तेव्हा मुलाला अडवून ठेवलं नव्हतं. की ठेवलं होतं? भट्टीवर जाणाऱ्या पोरांचे दाखले द्यायला मीही टाळाटाळ करायचो, म्हणजे ती शाळा सोडणार नाहीत. त्यांच्या भल्यासाठीच करायचो.

प्रमिलाला म्हटलं, उद्या ये, होईल.

१३ ऑगस्ट, बुधवार

तिच्यासाठी अर्ज मीच लिहिला. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात लिहिला नसेल. 'अत्यंत तातडीचे' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली. सत्यजीत दिवसभर मुंबईला, फोन उचलत नव्हता. सही त्याचीच लागते.

दुपारी प्रांजल माझ्या टेबलाशी आली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "सर, रेकॉर्ड रूमची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मी जेवायला चाललेय. ड्रॉवरला कुलूप लावत नाहीये. कागद तिचेच आहेत ना?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बावीस वर्षांची पोर. ती गेली. मी चाळीस मिनिटं खुर्चीत बसून त्या ड्रॉवरकडे बघत होतो. एकदा उठलोही, पाणी प्यायलो आणि परत बसलो. चोवीस वर्षांत कुणाच्या नकळत चावी उचललेली नाही. या वयात चोर म्हणून घ्यायचं? अर्ज दिला आहे, उद्या सही होईल. प्रांजल परत आली, ड्रॉवर पाहिला, कुलूप लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रीतीने जाणंच बरोबर होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बापलेक सकाळी आठपासून दाराशी. प्रमिलाने केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या आणि अंगात बारावीचा गणवेश होता. सिक्युरिटीवाल्याने त्यांना फाटकाबाहेर बसवलं. सत्यजीत अकराला आला, मीटिंगमध्ये गेला. दोन वाजता बाहेर आला, म्हणाला, बघतो. चार वाजता पुन्हा मीटिंग.

सव्वापाचला मोबाइलवर निरोप आला की अर्ज मंजूर, प्रक्रिया सुरू.

मी फाटकाशी गेलो. प्रमिलाने माझ्या हाताकडे पाहिलं, हात रिकामे होते. किशोरी मॅडमचा फोन आला, पुढच्या मुलीला बोलावलंय म्हणाल्या.

अनंता म्हणाला, "मंग आता पोरीचं काय, सर?"

मी म्हटलं, "बघू."

"तुमी तरी काय करनार," तो म्हणाला. माझीच समजूत घातली त्याने. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता.

९ सप्टेंबर, मंगळवार

कामाचे पंधरा दिवस संपले तरी कागद मिळालेले नाहीत. प्रमिलाने तक्रार केली आहे. किशोरी मॅडमनी लिहून दिली असावी, पण सही तिची. चोवीस तारखेला कॉलेजच्या तक्रार समितीपुढे सुनावणी, बाहेरून एक निवृत्त प्राचार्य बाई येणार आहेत.

सत्यजीतने केबिनमध्ये चहा मागवला. म्हणाला, "आपली बाजू भक्कम आहे. फॉर्म आहे, रेकॉर्डिंग आहे. तुम्ही एवढंच सांगायचं, की फोनच्या वेळी मी कॅंटीनला होतो." टेबलावर एक फाइल होती. वरच माझा पेपर, वीसपैकी वीस, आणि खाली माझ्या सगळ्या सह्या. मी विचारलं, हे कशाला? "असू दे, सर. ट्रेनिंग दिल्याचा पुरावा."

घरी येऊन सुमतीला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. "म्हणजे उद्या काही झालं तर ते म्हणणार, आम्ही तर शिकवलं होतं याला." मी तिच्यावर ओरडलो. तीस वर्षांत इतका ओरडलो नव्हतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

लांब टेबल. अध्यक्ष बाई मधे, पांढरे केस, चष्म्याला दोरी. समोर प्रमिला, अनंता, किशोरी मॅडम. या बाजूला सत्यजीत, मी आणि कॉलेजचे वकील.

आधी फॉर्म वाचला. "स्वखुशीने," बाई दोनदा म्हणाल्या. "मराठी छान आहे. कुणी लिहिलं?" सत्यजीतने माझ्याकडे बोट केलं.

मग रेकॉर्डिंग लावलं. प्रांजलचा आवाज, मग प्रमिलाचा. "हो सर." "हो सर." दबाव आणला का? "हो सर." मग थोडी शांतता. त्या शांततेत एक पुटपुट ऐकू आली आणि लगेच, "नाही सर, नाही." मला जुलैत ज्याचं हसू आलं होतं ते हेच.

बाईंनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. "फोनवर तर मुलगी बोलतेय. मग ही सर कुणाला म्हणतेय?"

सत्यजीत म्हणाला, "सवय असते, मॅडम, या मुलांना."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

कॅंटीन हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो म्हणणार होतो. हे इथे नाही लिहिलं तर वही कशासाठी ठेवतो? मी चष्मा काढून पुसायला लागलो, म्हणून बाई प्रमिलाकडे वळल्या. मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळ, घाबरू नकोस. या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते तुला सही करताना समजलं होतं का?"

प्रमिलाने बाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "हो सर."

तिथे मोठ्याने ओरडावंसं वाटलं मला. चोवीस वर्षं मी विचारत होतो आणि चोवीस वर्षं तो सूर ऐकून समाधानाने फळा पुसत होतो. किती पोरांना काहीच समजलं नसेल!

मी उभा राहिलो. म्हटलं, "तिला समजलं नव्हतं. मी वाचू दिलं नाही. फोनच्या वेळी मी शेजारी होतो, 'नाही म्हण' हा आवाज माझा आहे. नर्स होता येतं का असं तिने विचारलं होतं, त्याचं मी सरळ उत्तर दिलं नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी कागद काढता आले असते. मी काढले नाहीत."

प्रांजलचं नाव घेतलं नाही. तेवढं एक नीट केलं.

सत्यजीतने हळूच फाइल पुढे सरकवली. "मॅडम, कॉलेजने यांना तीन दिवसांचं पूर्ण प्रशिक्षण दिलं आहे. फोनच्या वेळी थांबायचं नाही, मूळ कागद घ्यायचे नाहीत, सगळं शिकवलं आहे. परीक्षेत वीसपैकी वीस. त्यांना नियम माहीत नव्हते, असं म्हणता येणार नाही."

खरं होतं ते. एकूण एक नियम मला पाठ होता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निकाल आला. एका प्रतिनिधीने वैयक्तिक पातळीवर नियमभंग केला, संस्थेने योग्य ते प्रशिक्षण दिले होते, विद्यार्थिनीची कागदपत्रे तात्काळ परत करावीत. जागेबद्दल काही नाही. ती जागा भरली आहे, दुसरी मुलगी तिथे दोन महिने शिकते आहे. तिचा काही दोष नाही.

मला पत्र मिळालं, उद्यापासून येऊ नका. फळ्यावरचं माझं नाव सकाळीच पुसलं होतं. माझ्या जागी नव्या माणसाला ट्रेनिंग सुरू आहे. काचेतून दिसलं, तो नियमापुढे सह्या करत होता. फॉर्म तोच आहे, माझ्या मराठीतला.

जिन्यात प्रांजल भेटली. "सर, तुम्ही तेव्हाच काढायला हवे होते," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

डबा सुमतीने घासून परत माळ्यावर ठेवला. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मी कात्रीने कापायला गेलो, पण प्लॅस्टिक जाड होतं, कापलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस कपाटासमोर बसतो आणि उठतो. शेवटी आज सकाळी सुमती म्हणाली, "भट्टीवाल्यांचे टेम्पो येतील आज-उद्या. देऊन या ते. ज्याचं त्याच्याकडे." अकरा मुलांचे कागद पिशवीत घातले आणि वाडीवर गेलो.

टेम्पो उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी चढवत होते. अनंताने राम राम केला, पण हातातलं काम थांबवलं नाही. प्रमिला आधीच टेम्पोत बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. यंदा तीही भट्टीवर जाते आहे. कॉलेज तिने सोडलं.

मी म्हटलं, "पुढच्या जूनमध्ये सरकारी फॉर्म परत निघेल. मी येईन भरायला. कागद सगळे मिळाले ना? बघू, जातीच्या दाखल्यावर नाव बरोबर आहे का." आणि हात पुढे केला.

तिने पिशवीची गाठ सोडली, दाखला काढला, पण माझ्या हातात दिला नाही. दोन्ही हातांनी धरून स्वतःच वाचून दाखवला, पूर्ण नाव, बापाचं नाव, जमात, गाव, तारीख. मग मार्कशीट तशीच. मग घडी घालून परत पिशवीत. "बरोबर हाय, सर," म्हणाली. माझा हात तसाच पुढे होता, मी तो खाली घेतला.

मग बाकीच्यांना कागद द्यायला लागलो. कुणी घेतले, कुणाला आश्चर्य वाटलं. कमळीला तिच्या मुलाचा दाखला दिला तर ती मागे सरली. "आमचं ऱ्हाऊ द्या की सर तुमच्याकडं. भट्टीवर कुटं ठेवू? भिजल, जलंल. तुमच्याकडं बरं हाय."

खरं लिहितो. इतकं सगळं होऊनही मला बरं वाटलं. माझा हात दाखल्यासकट परत पिशवीकडे वळला.

"मावशे," टेम्पोतून प्रमिला म्हणाली, "घे ते कागद."

कमळीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हात पुढे केला. मी दाखला तिला दिला. टेम्पो निघून गेल्यावर रिकाम्या पिशवीची घडी करून खिशात ठेवली आणि चालत हायवेपर्यंत आलो.